बिनपरवाना माणसं पाहिजेत

२ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाच्या गोळीसोबत ही वही लिहून दिली. म्हणाल्या, लोकांच्या तोंडावर जे बोलावंसं वाटतं ते आधी वहीत लिहीत जा, मग बोलायची गरज उरणार नाही. मी टॅमरॅक गावाची कारकून. गावात नऊशे माणसं, आणि त्यातल्या आठशे नव्वदांच्या तोंडावर मला रोज काही ना काही बोलावंसं वाटतं. एक वही काय पुरणार.

पहिली नोंद बाबांच्या नावे. वय शहाऐंशी, छातीत दोन स्टेंट, आणि सकाळी कॉफीचा कप खाली ठेवून फर्मान: हॅनिंगला जायचंय, स्क्रू आणायचेत. हॅनिंग चाळीस मैल. बाहेर पारा शून्याखाली अठरा. स्क्रू आमच्या गावातही मिळतात, हार्लन बर्तूचीच्या पेट्रोल पंपावर. तिथे पेट्रोल, पाव, जिवंत आमिष, मासेमारीचे परवाने आणि शिळ्या बातम्या असं सगळं मिळतं. पण बाबांना हॅनिंगच्या ट्रेवॅरोच्या दुकानातलेच लागतात. तेही दुकान पंपासारखंच, सगळं ठेवणारं. दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ही तलफ येते. मी लहान असल्यापासून पाहतेय.

गेलो. नेहमीप्रमाणे दुकानासमोर गाडी लावू दिली नाही. पलीकडे बँकेसमोर लावायची आणि मी आतच बसायचं, असा दंडक आहे. पंचवीस मिनिटांनी बाहेर आले. हातात कागदी पुडी. पुडीत चार स्क्रू. एवढा वेळ काय करत होता विचारलं तर म्हणाले, निवडत होतो.

घरी आल्यावर पुडी खिडकीतल्या बरणीत रिकामी केली. त्या बरणीत आईच्या वेळेपासूनचे दोनशेवर स्क्रू आहेत आणि त्यातला एकही घरात कुठे बसलेला नाही. परसातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दाराची बिजागरी तीन वर्षं लोंबतेय.

७ जानेवारी, बुधवार

आज नवा वॉर्डन ऑफिसात आला. मासे आणि शिकार खात्याचा. नाव कॅल्विन प्रूइट, वय तीसेक, बूट इतके स्वच्छ की माणूस दक्षिणेकडचा आहे हे सांगावं लागू नये. दारात पायपुसण्यावर बूट पुसले आणि मग माफी मागितली. माफी कशाची ते मला अजून कळलेलं नाही.

विषय आमच्या डर्बीचा. फेब्रुवारीच्या मध्यावर बॅस्टियन तळ्याच्या बर्फात भोकं पाडून आख्खं गाव दिवसभर गळ टाकून बसतं. यंदा पन्नासावी. डर्बीच्या दिवसापुरती सगळ्यांना परवान्यातून सूट असते, म्हणजे ज्याच्याकडे मासेमारीचा परवाना नाही तोही त्या दिवशी राजरोस गळ टाकू शकतो. एकोणपन्नास वर्षं मी आणि माझ्या आधीच्या कारकुनाने एकच अर्ज तारीख बदलून पाठवला. जुना वॉर्डन यायचा, मटण भरून भाजलेली पेस्टी खायचा, सही करायचा.

प्रूइटने नियम वाचलाय. असं याआधी कुणी केलं नव्हतं. सूट नवख्यांना मासेमारीची गोडी लागावी म्हणून आहे, सबब भाग घेणाऱ्यांपैकी निदान निम्मे लोक बिनपरवाना असले पाहिजेत, आणि त्यांची सहीनिशी यादी अर्जाला जोडली पाहिजे. ती नसेल तर सूट नाही, आणि त्या दिवशी तो बर्फावर प्रत्येकाचा परवाना तपासणार.

मी म्हटलं, त्यात काय, यादी देते. आमच्याकडे बिनपरवाना माणसांची कधी टंचाई पडलेली नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

सभागृहात गावाची बैठक. डर्बी समितीचा अध्यक्ष हार्लन, कारण सभागृहाची भट्टी त्याच्या तेलावर चालते. प्रूइट मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

हार्लनने घसा खाकरून विचारलं, ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी हात वर करा.

खोलीत त्र्याहत्तर माणसं होती. आख्खा हिवाळा बर्फावरच्या खोपट्यात काढणारी. परवाना त्यातल्या फार तर दहाजणांकडे असेल, हे हार्लनला माहीत, कारण परवाने विकतो तोच. पण वॉर्डनच्या देखत हात वर करणं म्हणजे गेल्या वीस हिवाळ्यांचा कबुलीजबाब. सगळे भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याकडे बघत बसले. हरीण तेवढं सरळ बघत होतं.

मग पुढच्या रांगेतून एक हात वर गेला. बाबांचा.

"मी," बाबा म्हणाले. "आर्मास नीमी. आजवर घेतला नाही, घेणार नाही. माझ्या बापाने त्या तळ्याचा बांध घातला. माझ्याच तळ्यात गळ टाकायला मी कुणाची परवानगी मागत नाही."

हे भाषण गावाला पाठ आहे, तरी टाळ्या पडल्या. हार्लनने डोळे पुसले. आमच्या गावात चोरून मासे धरणारे सगळेच, पण उजळ माथ्याने धरणारा एकच, आणि तो आमच्या घरात राहतो. जुन्या वॉर्डननेही त्यांना कधी हटकलं नाही. दर शनिवारी आमच्या सौनात यायचा. दोघांच्याही अंगावर चिंधी नसताना कोण कुणाला कागद मागणार.

प्रूइट मांडीवरच्या, खात्याच्या नोंदी दाखवणाऱ्या यंत्रात काहीतरी बघत होता. एकदा बाबांकडे बघितलं, तोंड उघडलं, परत यंत्राकडे बघितलं आणि तोंड मिटलं. बाबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. असा ताठा पाहिजे.

१३ जानेवारी, मंगळवार

गावाने अब्रू वाचवण्याचा सगळ्यात सरळ मार्ग काढला. सगळ्यांनी खरंच परवाने घेतले.

चार दिवसांत हार्लनच्या पंपावर जेवढे परवाने खपले तेवढे दहा वर्षांत खपले नसतील. लोक मागच्या दाराने, टोप्या डोळ्यांवर ओढून येत होते, आणि प्रत्येकजण सांगत होता की आपण नुसतं नूतनीकरण करतोय. हार्लनने शेवटचा परवाना स्वतःच्या नावाने फाडला आणि काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभं राहून स्वतःशीच हुज्जत घातली, असं त्याच्या बायकोने सांगितलं.

मी सोडून. मी मासे धरत नाही. गळाला लागलेला पाइक मासा पाहिला की मला माझ्या माजी नवऱ्याची आई आठवते.

१४ जानेवारी, बुधवार

आज डोक्यात प्रकाश पडला आणि त्यापाठोपाठ रक्तदाबही चढला. डर्बीतले यच्चयावत लोक परवानाधारक झाले. एक बाबा सोडून. गावाला आता त्या सवलतीची गरजच नाही. एका माणसाला आहे.

गेल्या दोन वर्षांत बाबा बर्फावर जातात ते वर्षातून एकदा, डर्बीच्या दिवशी. पहिलं भोक तेच पाडतात, पहिल्या डर्बीपासून. डॉक्टरीणबाईंनी यंदा एक तास मंजूर केलाय, आणि मला बाजूला घेऊन सांगितलंय की पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. असं त्या कुणाला उगाच बाजूला घेऊन सांगत नाहीत. आणि सूट नसली म्हणून बाबा घरी बसतील हे संभवत नाही. ते जाणार, प्रूइट परवाना मागणार, बाबा बांधाचं भाषण देणार, आणि शहाऐंशीव्या वर्षी, छातीत दोन स्टेंट घेऊन, कोर्टाच्या बाकावर जाऊन बसणार. शेवटचा हिवाळा हा असा.

तडक प्रूइटकडे गेले. बाबांची केस एकदम वेगळी आहे म्हणून सांगितलं. तो उगाच टेबलावरच्या पेन्सिली सारख्या करायला लागला.

"मॅडम, तुमच्या वडिलांबाबत एक गोष्ट आहे. म्हणजे, मला सांगता येत नाही. नोंदी खाजगी असतात. पण तुम्ही त्यांनाच एकदा विचारलंत तर–"

मी त्याला तिथेच तोडलं. म्हटलं, पन्नास वर्षं विचारतोय, ते घेणार नाहीत, तुम्ही तुमचा श्वास फुकट घालवू नका. तो परत पेन्सिलींकडे वळला. माणूस तसा ऐकून घेणारा आहे.

मग मी मुद्द्यावर आले. चौऱ्याहत्तर परवानाधारक आहेत. मी चौऱ्याहत्तर बिनपरवाना आणले तर?

तो म्हणाला, आणले तर नियमाप्रमाणे सूट द्यावीच लागेल. पण ते प्रत्यक्ष बर्फावर हवेत, प्रत्येकाची दोरी पाण्यात हवी, आणि मोजणार तो स्वतः. मी निघताना पुन्हा म्हणाला, वडिलांशी एकदा बोला. या पोराला कुणी बाप नसावा.

१९ जानेवारी, सोमवार

पोस्टाबाहेरच्या फळ्यावर नोटीस लावली: "डर्बीसाठी बिनपरवाना माणसं पाहिजेत. मासेमारीचा अनुभव नसावा. असल्यास कृपया बोलू नये."

गाव कामाला लागलं. आर्माससाठी म्हटल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. ज्या बायकांनी तीस वर्षं नवऱ्याच्या खोपटीत पाऊल टाकलं नव्हतं त्यांची नावं नवऱ्यांनी परस्पर दिली. लूथरन चर्चचा गायकवृंद, सोळाजण. विणकाम मंडळ, अकरा; यांनी दोऱ्या आपल्या आपण आणू म्हणून सांगितलंय. दातांचा डॉक्टर आणि त्याचे तीन मदतनीस. कॉन्व्हेंटमधल्या नऊ सिस्टर, त्यांचं नेतृत्व सिस्टर ओडीलकडे. वय एकाहत्तर, उंची साडेचार फूट, आवाज गिरमिटासारखा. तळ्याकाठी नवं घर घेतलेलं शाकाहारी जोडपं मात्र अडून बसलं. मासा दुखावणार नाही अशी हमी हवी. मी प्रूइटला फोन केला. त्याने नियम वाचून सांगितलं की दोरी पाण्यात हवी असं लिहिलंय, गळाचा उल्लेख नाही. ते दोघे दोरीला गाजर बांधून बसणार आहेत.

२४ जानेवारी, शनिवार

बाबांनी आज पेस्टीचा तुकडा ताटातच फिरवत ठेवला. मग म्हणाले, यंदा मी नाही येत डर्बीला. थंडी सोसत नाही. उगाच एवढ्या लोकांना कशाला त्रास.

नीमीच्या घरात थंडी सोसत नाही असं आजवर कुणी बोललेलं नाही. माझ्या आजोबांना बर्फातून खणून काढलं तेव्हा म्हणाले होते, जरा गार वाटतंय. मी त्यांना ठणकावून सांगितलं, बाबा, तुमच्या तत्त्वासाठी आख्खं गाव उभं राहिलंय, एक्केचाळीस सह्या झाल्यात, आता माघार नाही.

"एक्केचाळीस?" बाबा म्हणाले.

"सिस्टर धरून."

त्यांनी ताट बाजूला सारलं आणि खिडकीतल्या बरणीकडे बघत राहिले. भरून आलं असणार त्यांना.

३० जानेवारी, शुक्रवार

अनर्थ.

नवख्यांना सराव हवा म्हणून आज त्यांना बर्फावर नेलं, नुसतं बादलीवर बसायला आणि झेंडी बघायला शिकवायला. भोकावर लावलेली झेंडी वर उडाली की समजायचं गळाला मासा लागलाय, एवढंच. सिस्टर ओडीलच्या हातात मी रिकामी दोरी दिली होती. हार्लनने माझ्या नकळत तिला आमिष लावलं. दहा मिनिटांत झेंडी उडाली. चौतीस इंची पाइक. सिस्टरने तो नुसत्या हातांनी बर्फावर ओढला, तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं ते बाकीच्या आठ सिस्टरनी ऐकलं नाही असं ठरलंय.

परतताना ती पंपावर उतरली आणि तिने परवाना घेतला.

याचं गणित हार्लनच्या टकल्यात शिरेना, म्हणून पेस्टीच्या पुड्यावर लिहून दाखवलं. बिनपरवान्यातली एक गेली आणि परवानाधारकांत एक वाढली. खड्डा दोनाने खोल झाला. मी त्याला म्हटलं, परवाने विकणं बंद कर. तो म्हणाला, मागितल्यावर नाही म्हणता येत, तोही नियमच आहे. वर दारात पाटी लावून बसलाय: नवख्यांचं स्वागत.

कॉन्व्हेंटमध्ये जाऊन सिस्टरला समजावलं. ती म्हणाली, ही गोडी देवाने लावली, जोनेल, मी कोण नाही म्हणणार. मी म्हटलं, देवाला सांगा, बाकीच्या आठजणींना चौदा फेब्रुवारीनंतर लाव.

गायकवृंदातला खर्ज आवाजवालाही घसरलाय म्हणे. परवानाधारक शहात्तर.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मोजून आले. माझ्यासकट पंचाहत्तर पक्के बिनपरवाना. शहात्तरावे बाबा. बरोब्बर निम्मे. यापुढे कुणी शिंकलं तरी बाद.

बाबांना सांगितलं की तुमच्यावाचून आकडा बसत नाही. मला वाटलं होतं छाती फुगेल. ते खुर्चीत आणखी खोल गेले. मग म्हणाले, तुझ्या आईला मी एक शब्द दिला होता.

आई पाळकाची मुलगी. लपूनछपून केलेलं काहीही तिच्या घरात चालत नसे, अगदी जेवणाआधी उचललेलं बिस्कीटसुद्धा नाही. मी विचारलं, कसला शब्द.

"लग्नाच्या वेळी. ती म्हणाली, बाहेर काय बढाया मारायच्या त्या मार, पण माझ्या चुलीवर–"

तेवढ्यात फोन वाजला. विणकाम मंडळातल्या दोघींचं आपसांत फाटलं होतं आणि एकीला दुसरीपासून निदान चाळीस भोकं लांब बसायचं होतं. ते निस्तरून येईपर्यंत बाबा झोपले होते.

शब्द बहुधा त्या बिजागरीचा असावा. आई जाईपर्यंत तिचा तगादा लावत होती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पारा शून्याखाली बावीस. दातांच्या डॉक्टरच्या मदतनीस मुलीला पंपावर, परवान्यांच्या काउंटरसमोर, रेंगाळताना पाहिलं. गाडीत घालून घरी सोडलं. तिच्या आईला सांगून आले, शनिवारपर्यंत नजर ठेव.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजचं आजच लिहिते.

सकाळी नऊला सगळं तळं भरलं होतं. एका बाजूला शहात्तर परवानाधारक, गळ्यात परवाने लटकवून, शाळेच्या सहलीला आल्यासारखे. दुसऱ्या बाजूला बादल्यांवर आठ सिस्टर, गाणारे, विणणारे, दातवाले, घरातून उचलून आणलेल्या बायका, आणि टोकाला गाजरवाले. एका जुन्या मासेमाराने मला विचारलं, हे सगळे मासे धरायला आलेत की मासे वारलेत म्हणून.

बाबांना ढकलगाडीवर बसवून आणलं. अंगावर आईने विणलेला स्वेटर, त्यावर जुना लोकरी कोट. त्यांनी गिरमिट हातात घेतलं, हार्लनने मागून धरलं, आणि दोघांनी मिळून पहिलं भोक पाडलं. टाळ्या हातमोज्यांतूनच वाजल्या. बाबांनी दोरी मात्र पाण्यात सोडली नाही. मांडीवर धरून बसले.

प्रूइट हातात मोजायचं यंत्र घेऊन एकेका बादलीपाशी थांबत आला. सही, नाव, दोरी, टक्. सही, नाव, दोरी, टक्. गाजरापाशी थोडा जास्त थांबला. माझ्यापाशी आला, टक्, आणि यंत्र माझ्याकडे वळवलं. पंचाहत्तर. मग तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

तळ्यावरची दीडशे माणसं माना उंचावून बघायला लागली. वाऱ्यात नुसते गळ्यातले परवाने फडफडत होते.

"मिस्टर नीमी, मला प्रत्येकाला विचारावं लागतं," प्रूइट म्हणाला. "तुमच्याकडे यंदाचा परवाना आहे का?"

मला वाटलं आता भाषण. बांध, बाप, परवानगी. पण बाबांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरांकडे, गाणाऱ्यांकडे, हार्लनकडे. हार्लनने टोपी काढून छातीशी धरली होती, आणि कान लालभडक झाले होते. मला वाटलं, छातीत दुखतंय. मी पुढे झाले.

बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. छोटासा. तो अंगठ्याने एकदा चोळला, वाकले, आणि भोकात सोडला. पाण्यावर क्षणभर तरंगला, मग बर्फाखाली गेला.

"नाही," बाबा म्हणाले. "माझ्याकडे परवाना नाही."

प्रूइट भोकाकडे बघत होता. "ते काय होतं, सर?"

"पावती. स्क्रूची."

"ट्रेवॅरोकडची?"

"तिथे स्क्रू चांगले मिळतात."

"ऐकून आहे," प्रूइट म्हणाला. हातमोज्यातला अंगठा त्याने यंत्रावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. एवढ्या थंडीत स्क्रूच्या गप्पा कशाला मारत बसलाय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मग त्याने बाबांना सांगितलं की माणूस जे सांगतो तेच त्याला कागदावर लिहायचं असतं, दोरी तेवढी पाण्यात सोडा. बाबांनी सोडली. टक्.

शहात्तर.

जो आरडाओरडा झाला त्याने तळ्यातले सगळे मासे पलीकडच्या काठाला गेले असावेत, कारण दिवसभरात सिस्टर ओडील सोडून कुणालाही काही लागलं नाही. तिला तीन लागले. बक्षिसाचं गिरमिट तिनेच नेलं, खांद्यावर टाकून.

गोंधळ ओसरल्यावर प्रूइटने खिशातून पावतीपुस्तक काढलं, पेन तोंडाच्या वाफेवर गरम केलं आणि बाबांच्या हातात एक कागद दिला. तळ्यात कचरा टाकल्याबद्दल लेखी ताकीद. कचऱ्याचं वर्णन: पावती, एक. माझ्या पन्नास वर्षांच्या बापाला कोर्टापासून वाचवायला मी दीडशे माणसं बर्फावर बसवली, आणि आख्ख्या डर्बीत कारवाई झाली ती एकट्या बापावर. मी भांडायला निघाले तर बाबांनी माझी बाही धरली. म्हणाले, राहू दे पोरी, बरोबर आहे त्याचं.

आणि त्याला पेस्टी दिली. अर्धी. उरलेली अर्धी स्वतः खाल्ली, दोरी हातात धरून. तास संपला तेव्हा बादलीवर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली होती आणि झेंडी खालीच होती.

मला आत्ता दिसलं, वर मी बापाला पन्नास वर्षांचा लिहिलंय. खोडत नाही. दिसत होते तसे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी प्रूइट ऑफिसात आला, बूट पुसून. सवलतीच्या कागदावर शेवटची सही राहिली होती. मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा हाच खेळ का. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बहुतेक नियम मला नीट आठवणार नाही. दाराशी थांबून विचारलं, वडील कसे आहेत. मी म्हटलं, ताकीद चौकटीत घालून भिंतीवर लावलीय. खरंच लावलीय. बरणीतला एक स्क्रू वापरून. दोनशेतला पहिला.

संध्याकाळी त्यांचा कोट वाळवून कपाटात ठेवायला गेले. वरच्या फळीवर, चादरींच्या मागे, कॉफीचा जुना पत्र्याचा डबा हाताला लागला. झाकणावर आईचं अक्षर. आर्मासचे स्क्रू. त्याखाली एकाखाली एक वर्षं लिहिलेली, लग्नाच्या वर्षापासून. ती गेली त्या वर्षापर्यंत तिच्या अक्षरात, आणि पुढची बाबांच्या.

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "तो डबा राहू दे, जोनेल. स्क्रू आहेत."

स्क्रू खिडकीत आहेत. बरणी साधी सरकवली तरी आख्ख्या घराला ऐकू जाते. मी डबा कानाशी धरून हलवला. आतून पानं चाळल्यासारखा हलका आवाज आला.

झाकण घट्ट दाबलं, होता तिथे ठेवला, पुढे चादरी सारख्या केल्या.

जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, पुढच्या जानेवारीत हॅनिंगला जावं लागेल. मी विचारलं, किती लागतील. म्हणाले, चार. मी म्हटलं, बरं. गाडी पलीकडे बँकेसमोर लावीन, आणि आतच बसेन. तुम्ही सावकाश निवडा.